शाळा बंद झाल्यावरचे रविवार

आमच्या शाळेत टीव्ही आला तेव्हा पटावर एकवीस मुलं होती. अर्धापूरपासून थोडं आत, केळीच्या बागांमधली दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. गावानं वर्गणी करून टीव्ही घेतला आणि तो बसवायला अर्धापूरहून एका दुकानदाराला बोलावलं. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. गावात सगळे त्यांना भाईजान म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं ओल्या फडक्यानं पडदा पुसला, फळा पुसावा तसा. भाईजान परत आले, टीव्ही उघडून वाळवला आणि मुलांना शांतपणे सांगितलं की याला आंघोळ चालत नाही.

शाळेत शिक्षक दोनच, हेडमास्तर आणि मी. ते कागदपत्रांत बुडालेले, त्यामुळे टीव्ही माझ्या वाट्याला आला. मला येत काहीच नव्हतं. पेन ड्राइव्ह उलटा घालून तो बसत नाही म्हणून रागावणारी मी. पण शिकले. मुलांच्याच आवाजात कविता रेकॉर्ड करायचे आणि पडद्यावर त्यांचीच चित्रं दाखवायचे. वीज गेली की मुलं पडद्याकडे बघत कविता तोंडपाठ म्हणत राहायची.

तरी पट कमी होत होता. रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी मारुतीच्या देवळापाशी थांबायची. ज्यांची दोन मुलं आमच्याकडे होती अशा एका वडिलांना मी विचारलं, यंदा मुलं आपल्याकडेच ठेवाल ना? ते म्हणाले, त्या शाळेची वेबसाइट हाय मॅडम, आपली काय हाय?

ते मी मनावर घेतलं. भाईजाननी एका मंगल कार्यालयाची वेबसाइट बनवली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसायचे. त्यांनी दोन आठवडे मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही.

"मॅडम, पहले कागजावर काढा," ते म्हणाले. "माणूस कुठून आत येणार, कुठं बसणार, कुठून बाहेर जाणार. घर बांधतो ना, तसंच हाय हे."

वहीच्या पानांवर मी शाळा काढली. पहिलं पान, मुलांच्या चित्रांचं पान, कवितांचं पान. मग कोडची एकेक ओळ टाइप करायला शिकले. एक खूण चुकली की सगळं पान विस्कटायचं. मराठी अक्षरांच्या जागी कितीतरी दिवस नुसते चौकोन दिसत होते. शेवटी एका शनिवारी माझ्या फोनवर शाळेचं नाव नीट उमटलं, खाली पोरांनी काढलेले केळीचे घड. भाईजाननी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. मला वाटलं, आता शाळा वाचली.

त्या दोन मुलांच्या वडिलांना मी वेबसाइट दाखवली. त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक पान बघितलं, आपल्या पोराची कविता दोनदा ऐकली. जूनमध्ये दोन्ही मुलं पिवळ्या गाडीत बसली.

"वेबसाइट लई भारी केली मॅडम," ते वाटेत भेटल्यावर म्हणाले. "पण पोरांना इंग्रजी पाहिजे ना."

मी हो म्हणाले. माझी स्वतःची मुलगी लातूरला क्लासेससाठी राहत होती, माझे मिस्टर तिच्यासोबत. ती पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकलेली. हे त्यांना माहीत होतं. 

पट चौदावर आला, मग नऊवर. शाळा बंद करण्याचा आदेश आला तेव्हा मी फळ्यावर भागाकार लिहीत होते. मुलं शेजारच्या गावच्या शाळेत जाणार होती आणि माझं समायोजन किनवट तालुक्यात, इस्लापूरकडे. मी भागाकार पूर्ण केला. नंतरच्या आठवड्यात बाकं मोजली, यादी केली, सह्या केल्या. गावातल्या बायकांनी माझी ओटी भरली, त्यातल्या दोघी रडल्या. मला काही वाटलं नाही. आता वाटेल, मग वाटेल, म्हणून मी वाट बघत होते.

महिनाभरानं भाईजानचा फोन आला.

"साइट चालू ठेवू का मॅडम? मी सांभाळतो, मला काय तरास न्हाई."

"नको," मी म्हणाले. "शाळाच नाही तर कशाला?"

 ते म्हणाले, "तुमच्या हातानं बनली. तुम्हीच बंद करा. माझ्यानं होणार न्हाई."

मी बंद केली. खरंच पुसायचं का, असं स्क्रीननं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो दाबलं आणि कुकर लावायला उठले.

इस्लापूरला भाड्यानं एक खोली घेतली. शाळेत जायचे, शिकवायचे, यायचे. तिथल्या सरांनी कॉम्प्युटरचं काम विचारलं तेव्हा येत नाही म्हणून सांगितलं. मुलगी टेस्टमध्ये मार्क कमी पडले म्हणून फोनवर रडायची. मी तिची समजूत घालायचे. शब्द बरोबर असायचे, एवढंच मला कळायचं.

रविवारी नऊ वाजेपर्यंत कपडे धुऊन व्हायचे आणि पुढे अख्खा दिवस उरायचा. म्हणून मी सहस्रकुंडला जाऊ लागले. धबधबा बघायचा असंही नव्हतं. तिथं आवाज इतका असतो की कुणी बोलायला येत नाही.

तिथं मक्याची कणसं भाजून विकणाऱ्या एक मावशी होत्या. पावसाळ्यात त्या आणि गावातली चार-पाच माणसं कातळाच्या अलीकडे दोर बांधून लोकांना पुढं जाण्यापासून अडवायची. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी मावशींनी मला शिट्टी दिली.

"नुसतं बघूनच राहिल्यात मॅडम. धरा ही. तुमचं ऐकतील लोक, मास्तरीण दिसता."

मी धरली. त्या पावसाळ्यात माझं तेच काम झालं. शिट्टी वाजवायची, माणसं मागं घ्यायची, त्यांनी टाकलेल्या बाटल्या पोत्यात भरायच्या.

श्रावणातल्या एका रविवारी एक माणूस दोर ओलांडून गेला. बायको आणि लहान मुलगी मागं उभी, त्याला खडकावर फोटो हवा होता. वर कुठं पाऊस झाला होता कोण जाणे, पाण्याचा रंग बदलला होता. मी शिट्टी फुंकली. त्यानं नुसता हात हलवला आणि माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मग मी दोराखालून वाकून गेले आणि त्याचा दंड धरून ओढला. तो चिडला, मला वेडी म्हणाला, पण मागं आला. आम्ही दोराशी पोचतोय तोवर तो जिथं उभा होता तो खडक पाण्याखाली गेला होता.

 त्याच्या बायकोनं माझा हात धरला आणि सोडेचना. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चिखलात बसले आहे आणि मला उठता येत नाही.  मला भीती वाटत होती. इतक्या महिन्यांत काहीतरी वाटलं, ते हे. मावशी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, बसा, आज मी बघते.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळं तसंच, सपाट. पण दोर आम्ही आणखी वीस पावलं मागं बांधला. दिवाळीत मिस्टरांनी विचारलं, लातूरला बदलीसाठी अर्ज करायचा ना यंदा? फॉर्म त्यांनी काढूनही ठेवला होता. मी म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. का, असं त्यांनी विचारलं. रविवारी धबधब्यापाशी माणसं कमी पडतात, इतकंच मी म्हणाले.