थंड हवेचे बटण

माझ्या हातून एक गाढवपणा घडला आहे, आणि तो पूर्ण विचारांती घडला आहे. चहा घ्या, सांगते. घाईत चुकणाऱ्या माणसाला निदान घाईचे निमित्त तरी असते. मी तीन आठवडे अभ्यास करून चुकले.

माझी चुलत बहीण पल्लवीताई हिचा मे महिन्यात अकोल्याला साखरपुडा होता. तिचे केस कमरेपर्यंत आहेत. ते मोकळे सोडलेले आणि टोकाशी अलगद वळलेले फोटोत दिसावेत, एवढीच तिची इच्छा. काम गल्लीतल्या वनिताताई करणार होत्या. त्यांचे घरातच पार्लर आहे. परंतु मी अमरावतीहून फोन करून विचारले, त्या काय वापरणार? ताई म्हणाली, गरम चिमटा.

झाले! चिमटा थेट केसाला चिकटतो, ओलसर केसातले पाणी आतल्या आत उकळते आणि केसाची साल उकलते, हे मी तिला चाळीस मिनिटे समजावले. एकेचाळिसाव्या मिनिटाला तिने वनिताताईंना नको म्हणून कळवण्याचे कबूल केले. पटले म्हणून की फोन ठेवता यावा म्हणून, हे मी अजून विचारलेले नाही. केसांची जबाबदारी मात्र माझ्यावर आली.

मग मी गरम हवेचा ब्रश निवडायला घेतला. किती प्रकार असावेत? उष्णता कमी-जास्त करता येईल असाच हवा, कारण एकाच तापमानाचे यंत्र म्हणजे ब्रेक नसलेली सायकल. लांब केसांसाठी गोल ब्रश जाड हवा. आणि शेवटी थंड हवेचे बटण हवेच हवे, कारण गरम असताना दिलेले वळण केस थंड झाल्यावरच टिकते. हे शेवटचे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केले होते. या अधोरेखनानेच घात केला.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आठला मी ताईला खुर्चीवर बसवले. नियम असा, की केस जवळजवळ वाळल्याशिवाय गरम हवा लावायची नाही. जवळजवळ म्हणजे किती? मी प्रत्येक बटेला टिशू पेपर दाबून तो उजेडात धरून पाहू लागले. काकू दारातून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा तिला राहवले नाही.

"काय वं, केस वाळवून राहिली का पापड? पाहुणे अकोटहून निघाले बी."

मी शांतपणे उष्णतारोधक स्प्रे मारला, तो मुरू दिला, केसांचे भाग पाडले आणि सर्वांत कमी उष्णतेवर सुरुवात केली. आणि खरे सांगते, काम सुरेख झाले! साडेनऊला ताईच्या पाठीवर अशी वळणे उतरली, की काकूने दृष्ट लागू नये म्हणून तिच्या कानामागे काजळाचे बोटही लावले. इथेच मी थांबले असते, तर हा किस्सा उरला नसता.

पण थंड हवेचे बटण राहिले होते. मी ते दाबले. हवा गरमच आली. पुन्हा दाबले, तरी गरम. तेव्हा ध्यानात आले, की यंत्र हवा थंड करत नाही, खोलीतली हवा जशीच्या तशी फेकते. आणि अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतली हवा कशी असणार? म्हणजे वळण टिकणार नाही. थंड हवा कुठून आणावी?

खिडकीत काकांचा कूलर उभा होता.

मी टाकीत दोन बादल्या पाणी ओतले, पंप सुरू केला, वेग पूर्ण ठेवला आणि ताईला कूलरकडे पाठ करून बसवले. काटेकोर वीस मिनिटे. ताई म्हणाली, "छान वाटून राहिलं." मी घड्याळ लावून साडी नेसायला गेले.

वीस मिनिटांनी परतले, तेव्हा खुर्चीवर ताई होती, पण वळणे नव्हती. कूलरच्या ओल्या हवेने केस भिजून फुगले होते. अकोटच्या जिनिंगमध्ये सरकी काढलेला कापूस कसा ढिगाने पडतो? तसे. ताईने आरशात पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मीच तिचे पार्लर रद्द करवले होते. मला कुठे पाहावे कळेना.

काकू म्हणाली, "आता तेल लावून वेणी घालतो. दुसरं काय?" आणि ती तेलाची बाटली आणायला वळली, तोच वनिताताई आल्या. काम काढून घेतले तरी जेवणाचे आमंत्रण होते, म्हणून नवी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी ताईचे केस पाहिले, कूलर पाहिला, मला पाहिले. मग पदर खोचला, कूलरचा पंप बंद केला आणि पंखा तेवढा ठेवला.

केस पुन्हा वाळले. मग माझाच ब्रश, माझीच कमी उष्णता. फरक एवढाच, की प्रत्येक बट ब्रशवरून सोडवताच त्या बोटाभोवती गुंडाळत आणि क्लिप लावून ठेवत.

"मशीन चांगली घेतली मॅडम तुमी. गरमी बी बराबर ठेवली," त्या म्हणाल्या. "पन उन्हाळ्यात ते थंडं बटन आमी दाबतच नाई. क्लिपा लावून सोडून देतो. केस निवतात आपोआप."

पाहुणे अर्धा तास बैठकीत थांबले, पण ताई बाहेर आली ती हवी होती तशीच. क्लिपा निघाल्यावरची वळणे पाठभर रुळत होती. मी वनिताताईंच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहून कौतुकाने विचारले, "आपण काय शिकता?"

मी आयुष्यात प्रथमच विचार न करता बोलले. "मराठी."

"मराठी काहून?" काका तिकडून अभिमानाने म्हणाले. "फिजिक्समध्ये एमएस्सी करून राहिली हो ती. कूलर लावल्यावर खोलीतल्या हवेत पानी किती वाढते, त्याच्यावरच हिचा प्रोजेक्ट हाय!"

बैठकीत सर्वांनी माना डोलावल्या. वनिताताईंनी हातातल्या क्लिपा शांतपणे पर्समध्ये टाकल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"मंग प्रॅक्टिकल त आज झालं म्हना, मॅडम. रिझल्ट मी सांगू का तुमीच सांगता?"