समेवर उचललेला हात

बातमी दिनकररावांनीच फोनवर दिली. "वासंती गेली," एवढंच. घाटकोपरला पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मला वाटलं, सुटली बिचारी. कोणाला राग येईल, पण वाटलं ते वाटलं.

मुलुंडच्या एका उपचार केंद्रात आम्ही दोघी बरोबर कामाला होतो. मी रुग्णांचे हातपाय हलवायची, ती त्यांना गायला लावायची. अर्धांगाने वाचा गेलेला, "पाणी" म्हणता येत नाही म्हणून रडणारा माणूस तिच्याबरोबर ठेका धरून तेच "पाणी" सुरात म्हणायचा. मी चिडवायची, "काय जादूटोणा करतेस गं?" ती वैतागायची. "जादू कसली? कान नुसता आवाज आत सोडतो. त्याचं गाणं मेंदू बनवतो, पुढची सम कुठे येणार याची आधीच वाट बघत बसतो. बोलण्याचा रस्ता खचला तरी हा गाण्याचा पुष्कळदा शाबूत असतो. त्यावरून माणसाला चालवायचं, बस."

मग तिलाच झटका आला, मेंदूच्या उजव्या बाजूला. बोलणं वाचलं, गाणं गेलं. कान तपासले, ठणठणीत. पण कोणी सूर लावला की तिला भांडी आदळल्यासारखं ऐकू यायचं. हे परत येण्याची आशा फारशी नाही, हेही तिला डॉक्टरांइतकंच कळत होतं.

तिचे यजमान दिनकरराव मूळचे मालवणकडचे, चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. गाण्याने माणसं सुधारतात हे त्यांनी बायकोच्याच तोंडून ऐकलेलं. त्यांनी दर गुरुवारी मंडळ घरी आणायला सुरुवात केली. बाकीचे देवाकडे तोंड करून बसत, हे तिच्याकडे. आणि ती प्रत्येक समेवर मान डोलवायची... मंडळी खूश. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"येतं का गं ऐकू?"

"छे. डोकं फुटतं. ह्यांचा हात बघते, तो पडला की मान हलवते. सांगू नकोस हां. तेवढ्यावर उभे आहेत ते."

दुसऱ्या झटक्याने ती जाईपर्यंत हे चाललं. मला तिचा राग यायचा, त्यांचाही यायचा.

परवा त्यांना भेटायला गेले. निदान आता तरी सांगून टाकावं म्हणून विषय काढला, तर त्यांनीच मला थांबवलं. "माका ठावक होता, ताई. एकदा मुद्दाम समेच्या आधीच थाप मारली. अख्खं मंडळ गडबडलं. ही मान हलवून माझ्याकडे बघून हसली."

"मग बंद का नाही केलंत?"

"बंद केलं असतं तर मला कळलंय, हे तिला कळलं असतं ना..."

मंडळाने आता दुसरा पखवाजवाला घेतला आहे. दिनकररावांची सम उशिरा पडते, अशी तक्रार होती. थाप मारण्याआधी ते हात उंच उचलून क्षणभर तसाच धरतात, समोरच्या माणसाला नीट दिसावा म्हणून.