पप्पांची साक्ष

माझी बारावी होईपर्यंत पप्पा आमच्या घरी पाहुण्यासारखे येत. ते बडोद्याजवळच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचे आणि शहरातल्या वाडी भागात दुसऱ्या कामगारांबरोबर एका खोलीत राहायचे. आई आणि मी नगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. नाताळला आणि मे महिन्यात ते यायचे, येताना तिकडचा ओलसर हिरवा चिवडा, लीलो चिवडो, आणायचे, आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचेपर्यंत परत जायचे. घरची प्रार्थना आईच चालवायची. पप्पा आले तरी तीच. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसत, आणि कधीकधी तसेच झोपी जात.

पण मला शिकवलं त्यांनीच. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बारावीनंतर त्यांनी आम्हा दोघींना बडोद्याला आणलं, तिथल्या वासणा भागात घर भाड्यानं घेतलं, मला बी.एस्सी. आणि बी.एड. करू दिलं. नात्यातले कुणी म्हणाले, "मुलीला काय कलेक्टर करणार?" तर ते म्हणाले, "झालीच, तर तुम्हाला काय त्रास?" जवळच्याच गोत्री भागातल्या एका शाळेत मला विज्ञानाची शिक्षिका म्हणून घेतलं, तेव्हा त्यांनी कंपनीत पेढे वाटले. हे उपकार मी विसरलेले नाही. पुढचं लिहितानाही ते मनात आहेतच.

त्याच सुमारास आमच्या चर्चच्या हॉलमध्ये एक सिनेमा दाखवला. बापांसाठी. परदेशातला होता, हिंदीत आवाज दिलेला, त्यामुळे ओठ एक बोलायचे आणि ऐकू दुसरंच यायचं. त्यातला बाप सारखा कामात असतो, मुलं हाताबाहेर जातात, बायको गप्प गप्प होते. मग त्याला कळतं की देवानं घराचा पुढारी म्हणून आपल्याला नेमलंय. तो एकेका मुलाला बाहेर घेऊन जातो, विचारतो, ऐकतो, घरात गुडघ्यावर येऊन सगळ्यांसाठी प्रार्थना करतो. सिनेमा संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्या बापांना उभं करून शपथ म्हणवून घेतली. पप्पा पहिल्या रांगेत होते. शपथ म्हणताना त्यांचा आवाज फुटला.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "एवढी वर्षं पुढारी खोलीवर होते, तरी घर चाललंच की."

पण मला हसू आलं नाही. मला वाटलं, उशिरा का होईना, पप्पा मिळतायत.

खरंच मिळाले. दर शनिवारी संध्याकाळी ते स्कूटर काढायचे आणि मला सेव-उसळ खायला न्यायचे. सिनेमातला बाप मुलीला कुठल्याशा बागेत नेतो. पप्पांना सेव-उसळीच्या गाडीपलीकडे काही सुचलं नसावं. पहिल्या वेळी प्लेट समोर आली तसे ते ताठ बसून म्हणाले, "हं. बोल. तुझ्या मनात काय चाललंय?"

"काही नाही, पप्पा."

"असं नाही चालत. काहीतरी असणार. बोल."

"उसळ तिखट आहे."

ते खो खो हसले, गाडीवाल्याला "भाई, थोडी सेव" म्हणाले आणि माझ्या प्लेटमध्ये ओतली. पुढच्या वेळी मी शाळेतलं सांगितलं, त्यांनी कंपनीतल्या एका तापट साहेबाची नक्कल केली. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी लहानपणी वडिलांविषयी जे सांगायच्या, ते मी विशी उलटल्यावर पाहत होते. शुक्रवारपासूनच मी शनिवारची वाट बघू लागले.

मग एका शनिवारी मी त्यांना खरं सांगितलं. चर्चमध्ये लहान मुलांचा संडे स्कूलचा वर्ग मी घ्यायचे. मुलांना प्रार्थना शिकवायचे, आणि मला स्वतःला प्रार्थनेत काहीच वाटत नव्हतं. "डोळे मिटते, पप्पा, शब्द म्हणते, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही. बरेच महिने झाले. आईला सांगितलं नाही. तिला फार लागेल."

पप्पांनी चमचा खाली ठेवला. प्लेट बाजूला सारली. मग हळू आवाजात म्हणाले, "मलाही असं झालेलं. वाडीत, खोलीवर असताना. दोनेक वर्षं मी प्रार्थनाच केली नव्हती. तुम्हाला पत्रात, फोनवर सांगायचो, करतो म्हणून."

"मग?"

"मग काय. हळूहळू सुरू झाली पुन्हा. होईल तुझंही. घाबरू नको, बेटा."

घरी येताना मी स्कूटरवर त्यांच्या पाठीला टेकून बसले. लहान मुलीसारखी. मला देव सापडला नव्हता, पण ज्याला सांगता येईल असा माणूस सापडला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्याकडे उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. साक्षीची एक रीत आहे: आधी अंधार सांगायचा, मग उजेड. पप्पा आजवर कधी उभे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले.

"प्रभूची स्तुती असो," ते म्हणाले. "त्या सिनेमानं माझं घर वाचवलं. मी पुढाकार घेतला, मुलीला विचारलं, आणि तिनं मन मोकळं केलं. माझी मुलगी संडे स्कूल शिकवते, पण तिचा विश्वास थंड पडलाय. ती प्रार्थना करते, तिला वाटतं कुणी ऐकत नाही. मी विचारलं नसतं तर मला कळलंही नसतं. मंडळीनं तिच्यासाठी प्रार्थना करावी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वाट बघत होते. आता ते खोलीचं सांगतील, ती दोन वर्षं सांगतील, म्हणजे मी एकटी उभी राहणार नाही. ते खाली बसले.

उपासनेनंतर बायकांनी मला गराडा घातला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझ्या वर्गातली चिमुरडी दारातून बघत होती. पाळकीणबाई प्रेमानंच म्हणाल्या, "काही दिवस वर्ग दुसरं कुणी घेईल हं. तू जरा शांत हो आधी." ते काही दिवस अजून संपलेले नाहीत.

घरात शिरताच आई पप्पांवर कडाडली, "घरची लक्तरं वेशीवर टांगून आलात! पोरीनं विश्वासानं सांगितलं होतं ना तुम्हाला?" मग माझ्याकडे वळली. "आणि तू? मला नाही सांगितलंस?"

"लक्तरं कसली? साक्ष आहे ती," पप्पा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "किती लोकांना धीर आला. पाळकसाहेबांनी हात मिळवला माझ्याशी."

आई आत गेल्यावर मी विचारलं, "तुमचं का नाही सांगितलंत, पप्पा?"

ते चपलांचा पट्टा सोडत वाकले होते. वर न बघता म्हणाले, "मी बाप आहे. बापच तसा म्हटल्यावर घरानं कुणाकडे बघायचं?"

मला त्यांचा राग आला असता तर सोपं झालं असतं. पण त्यांनी मला मुद्दाम दगा दिला नव्हता, हिणवलं नव्हतं. त्यांनी सिनेमात सांगितलेलं सगळं मनापासून केलं होतं. त्यांच्या पुढाकाराला पुरावा लागत होता, आणि पुरावा म्हणून त्यांच्या हाताशी मीच होते.

पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा स्कूटर काढली. मी गेले. न जाण्याचं कारण सांगणं म्हणजे पुन्हा मनातलं सांगणं झालं असतं. प्लेट आली, त्यांनी माझ्याकडे जास्तीची सेव सरकवली. "बोल, बेटा."

मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचं सांगितलं. मुलांचा पाण्याचा पंप चालत नाहीये म्हणून. त्यांनी नीट ऐकलं, व्हॉल्व्ह कसा बसवायचा ते बोटांनी टेबलावर काढून दाखवलं.

"आणि दुसरं काही?"

"नाही, पप्पा. दुसरं काही नाही."

रविवारी त्यांनी उभं राहून पंपासाठी प्रार्थना मागितली. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.