सालं मागणारी जाऊ

माझी धाकटी जाऊ ज्योती कुणाच्याही घरी गेली की संत्र्याची सालं मागायची. लग्नाच्या मांडवातसुद्धा! पाहुण्यांच्या हातातून घ्यायची आणि पदरात घालायची. "फेकू नका जी, जीव हाय त्यात," म्हणायची. लाजेनं मला तोंड कुठे लपवू असं व्हायचं.

आमच्याकडे सालींची काय कमी? बोरगावच्या वाटेवर आमचाच संत्र्याचा रस काढायचा कारखाना. मागच्या बाजूला सालींचा ढीग सडायचा, माश्या घोंघावायच्या. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, तिकडून नाकाला रुमाल लावून जायचे. लोधीखेड्याहून ही नवी सून आली आणि त्याच ढिगाजवळ जाऊन बसली. तोवर या घरात माझ्या भाकरीचं नाव निघायचं. आता ऊठसूट ज्योती!

पहिल्यांदा तिनं ताजी सालं गोबर गॅसच्या टाकीत ओतली. गॅस ठप्प! मी चुलीपुढे धुरानं डोळे चोळत होते, पण आतून आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या. जिरली एकदाची!

कसली जिरते? "ताई, सालीतलं तेलच गॅस मारून राहिलं," ती हसत म्हणाली. मग तिनं आधी वाफेवर तेल काढलं आणि उरलेला चोथा शेणाबरोबर थोडा थोडा टाकीत सोडला. तेल पांढुर्ण्याच्या साबणवाल्यानं उचललं. शेगडी पुन्हा निळी पेटली. "ज्योतीनं घराचं सोनं केलं," मामाजी म्हणाले, तेही माझी भाकरी खाता खाता. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे धाकट्या दिरांनी सौसरला मोठा कारखाना टाकला. दोघं तिकडे राहायला निघाले, त्या दिवशी ज्योतीनं टाकीजवळ माझा हात धरला.

"ताई, मी तुमच्यावर लय जळत होती."

"माझ्यावर?"

"जो तो तुमच्याच भाकरीचं नाव घे. मले भाकरी जमे नाही, म्हून तं मी सालीमांगं लागली."

अगं बये! हे आधी सांगायला काय झालं होतं? मी तिला जवळ घेतलं, तर तिच्या केसांनासुद्धा संत्र्याचाच वास.

आता तेल मी काढते, टाकीही मीच सांभाळते. काल गरम भाकरीचा घास घेऊन मामाजी म्हणाले, "ज्योतीचा गॅस बरा चालून राहिला."

दुसरी भाकरी मी जरा आपटूनच वाढली. मग त्यांच्या ताटाजवळची संत्र्याची सालं उचलली आणि पदरात घातली.