डॉक्टरच्या बापाचा अंगठा

आमच्या आंजीत ताराचंदशेठच्या किराणा दुकानात साखर घ्यायला गेलेला माणूस आधी जीभ काढून दाखवायचा, मग पिशवी पुढे करायचा. कारण गल्ल्यावर मयुरी बसायची. शेठची ही एकुलती एक लेक किरगिझस्तानात डॉक्टरकी शिकून आली होती. शेठनं हे गावाला इतक्या वेळा सांगितलं होतं, की किरगिझस्तान पुलगावच्या थोडं पलीकडे असावं असं आमच्या म्हाताऱ्यांना वाटू लागलं होतं. ती यायच्या आधीच त्यानं ‘डॉ. मयुरी’ अशी पाटी रंगवून दुकानावर ठोकली. पोरीनं आल्या दिवशीच ती उतरवली आणि तांदळाच्या पोत्यांमागे ठेवली.

पाटी का उतरली, हे शेठनं कुणाला सांगितलं नाही. बाहेरच्या देशात शिकून आलेल्याला इथे आणखी एक परीक्षा द्यावी लागते, मग दवाखान्यात उमेदवारी, मग नोंदणी. तोवर साधी तापाची गोळीसुद्धा लिहून द्यायची नाही. मयुरी त्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तूरडाळ जोखता जोखता तिसऱ्यांदा तयारी चालली होती.

माझं शिलाईचं दुकान अगदी समोर. मला सगळं दिसतं आणि ऐकूही येतं; न ऐकण्याचा मी कधी प्रयत्न केलेला नाही.

“दवाखान्यात दाखवा,” असं ती सगळ्यांना सांगायची. लोकांना वाटायचं, पोरगी चढून गेली. “एवढी शिकली, अन् माणसाले हात लावत नाई,” शेजारचे रूपराव मला म्हणाले. मला राग पोरीचा नाही, शेठचा यायचा. बापानं गावभर डंका पिटायचा आणि लेकीनं गल्ल्यावर बसून तो निस्तरायचा, ही कुठली रीत?

पोळ्यानंतर शेठ लंगडू लागला. नवी चप्पल चावली, म्हणाला. त्याला शुगर आहे. जखम काही भरेना, तर हा हळद दाबून वर मोजा चढवून बसायला लागला. एके दिवशी मयुरीनं भर दुकानात खाली बसून तो मोजा ओढून काढला. मी टाके घालायचं सोडून पुढे आले. अंगठा काळा पडला होता.

“बाबा, आत्ताच्या आत्ता सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात चला.”

“काऊन? तू हायेस ना घरात. तूच दे गोळ्या लिहून.”

“मले हक्क नाई, बाबा. अन् हे गोळ्यांचं काम नाई.”

शेठ हलेना. शेवटी हळूच म्हणाला, “घरात डॉक्टर असून हा सावंगीले काऊन गेला, असं लोक म्हणतीन ना बेटा.”

मयुरी उभी राहिली. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्यांच्याकडे तोंड करून ती म्हणाली, “ऐका सारे. मी डॉक्टर नाई. इथली परीक्षा मी दोनदा नापास झाली. माह्या नावापायी बाबा दवाखान्यात जाऊन नाई राह्यले. आता कोनी गाडी काढता का?”

शेठनं मान खाली घातली. रूपराव तडक गाडी आणायला गेले, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

मीही मशीन बंद करून सोबत गेले. सावंगीच्या दवाखान्यात मयुरीच्याच वयाच्या एका डॉक्टरनं पडदा ओढला आणि म्हणाला, “नातेवाइकांनी बाहेर थांबा.” पडद्यामागे काय चाललंय ते बाहेरच्या आम्हा सगळ्यांत तिला एकटीलाच कळत होतं. ती बापाच्या चपला हातात धरून उभी राहिली. मला रडू आलं. तिला आलं नाही.

अंगठा गेला, पाय वाचला.

आता गल्ल्यावर शेठ स्वतः बसतो, पाय डालड्याच्या डब्यावर ठेवून. कुणी जीभ काढली की ओरडतो, “तोंड मिट बाप्पा! पोरगी अजून डॉक्टर झाली नाई, आत अभ्यास करून राह्यली. तू दवाखान्यात जाजो.”

परवा रूपरावांना राहवलं नाही. “अन् शेठ, याही खेपेले नापास झाली तं?”

शेठ गूळ जोखत होता. त्यानं खडा काट्यावर तसाच राहू दिला.

“तं पुन्हा बसन,” तो म्हणाला. “लेक हाय थे माही. दुकानाची पाटी नाई.”