बाजूच्याचं सांग

"आपला आपण सांगूचा नाय. बाजूच्याचा सांग!" असं म्हणत बाई टेबलावर डस्टर आपटायच्या आणि बोट रोखायच्या, ते उभ्या राहिलेल्या मुलाच्या शेजाऱ्याकडे.

हरमलच्या आमच्या शाळेत त्यांच्याकडे पहिली, माझ्याकडे दुसरी. मधे प्लायवूडची पडदी. त्यांचं सगळं मला ऐकू यायचं, माझं त्यांना. मधल्या सुट्टीत म्हणायच्या, "बाय गो, आवाज चढवू नकोस, पोरां भियतत."

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाई पुस्तक उघडत नसत. पोरं जोडीजोडीनं बसवायच्या. शेजाऱ्याकडून तीन गोष्टी काढून घ्यायच्या: नाव, घरी कुठल्या नावानं हाक मारतात आणि भीती कशाची वाटते. मग उभं राहून ते सांगायचं. स्वतःचं नाव तोंडातून निघालं की बाद!

मी नवीन होते. एकदा विचारलं, "स्वतःचं नाव सांगितलं तर काय बिघडतं?"

"आपला नाव पोपटपण सांगता. शेजाऱ्याचा सांगूक त्याच्याकडे बघूचा लागता."

त्या वर्षी सिंधुदुर्गातून आलेली एक मुलगी पहिलीत होती, तन्वी. बाप ट्रकवर ड्रायव्हर, गावात भाड्याची खोली. चार दिवस पोरीनं तोंड उघडलं नाही. तिच्या जोडीचा साईश अखंड बडबड्या. डब्यातला अर्धा उंडो पाव तिला द्यायचा आणि आपलं सगळं पुराण ऐकवायचा. बाई रोज तिला उभं करायच्या, थांबायच्या, मग म्हणायच्या, "बरां, उद्या सांग."

मला मात्र म्हणाल्या, "ह्या आठवड्यात बोलली नाय तर पोरां तिका मुकी म्हणतली. एकदा नाव पडला की सुटत नाय गो."

पाचव्या दिवशी तपासणीला साहेब आले. आल्या आल्या पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "तुझं नाव काय?" पोरानं ओठ घट्ट मिटले. दुसऱ्यानं तेच, तिसरीनं तेच. बाद कोण होणार! बाई म्हणाल्या, "साहेब, त्यांना बाजूच्याचं विचारा."

"मला शिकवू नका, बाई."

साहेब साईशपुढे उभे राहिले. त्या बडबड्यानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. साहेब ओरडले, "नाव सांग!"

आणि बाजूनं बारीक आवाज आला. "ह्येचा नाव साईश. घराक बाबू म्हणतत. ह्यो माकडाक भियता."

तन्वी! अख्खा वर्ग टाळ्या पिटत उठला. बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. मी पडदीच्या कडेला उभी राहून बघत होते.

आणि त्या माणसानं काय केलं असेल? वहीत लिहिलं, 'विद्यार्थ्यांना स्वतःचे नाव सांगता येत नाही. पाठ्यपुस्तक उघडलेले नाही.' अरे, डोळे होते की सदऱ्याची बटणं?

पण थांबा, माझा खरा संताप पुढेच आहे. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारच्या वर्गात ना? हा काय प्रकार आहे?"

सहा वर्षांची पोर नुकतीच आपल्या शेजाऱ्यासाठी बोलली होती. मी तीस वर्षांची. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी म्हटलं, "मला काही ठाऊक नाही, सर."

बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चतुर्थीच्या सुट्टीनंतर त्यांची बदली झाली, डिचोली तालुक्याच्या पार टोकाला. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं बोलावणं आलं होतं. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

आता पहिली माझ्याकडे आहे. वरून परिचय सप्ताहाचा हुकूम येतो. पोरांच्या गळ्यात नावाची कार्डं अडकवायची, दुकानातल्या मालाला किमतीची चिठ्ठी लावावी तशी, आणि मोबाइलवर फोटो पाठवायचे. झाला परिचय! मी फोटो पाठवते, कार्डं काढून कपाटात टाकते आणि डस्टर आपटते.

या जूनमध्ये एका पोरीनं विचारलं, "टीचर, तुमच्या बाजूक कोण?"

"एक बाई होत्या," मी म्हटलं.

"त्या कोणाक भियत?"

"कोणाला नाही."

"आणि तुम्ही?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी तिला दटावलं, "आपला आपण सांगूचा नाय गो! बाजूच्याक विचार."

सगळी पोरं पडदीकडे बघू लागली. पलीकडची बाईंची खोली आता बंद असते.