झाडपिका सामना

नरपडच्या वाडीत चिकू निवडायला बसली की जमना कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मालक उभा असो नाहीतर व्यापारी, शंका आली की फळ हातात घ्यायचं, अंगठ्याच्या नखानं साल खरवडायची, आणि आत हिरवं दिसलं की सरळ बाजूला टाकायचं. "वरून गुटगुटीत, आतून कच्चं. माणसांत पण असतात असे," असं वर ऐकवायचं. मोठं, भरलेलं फळ पहिला नंबर, मध्यम ते दुसरा, बारकं ते तिसरा, आणि झाडाखाली पडून फुटलेलं ते गळ. या सगळ्यांच्या वर तिचा एक खास नंबर असतो, झाडपिका. पाखरांच्या चोचीतून चुकून वाचलेलं, झाडावरच पिकलेलं एखादं फळ. ते खोक्यात जातच नाही. झाडाखाली उभ्या उभ्या खायचं आणि बोटं चाटायची.

आता हीच बाई टीव्हीवरच्या विलायती कुस्त्यांना नंबर देते, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण खरं आहे ते. लाल मातीतली कुस्ती नव्हे हो. दोरांच्या चौकटीतली, चकचकीत चड्ड्यांची, खुर्च्या डोक्यात घालणारी. जमनाला या कुस्त्यांचं लहानपणापासून असं वेड, की नवरा बोटीवर खलाशी म्हणून आठ-आठ महिने गेला तरी तिला करमत नाही असं कधी झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या लेकीनं, योगितानं, आई मोबाइलवर एक जुना सामना बघत ओरडत होती ते गुपचूप टिपलं आणि नेटवर टाकलं. योगिता डहाणूच्या कॉलेजात शिकते, तिला असले उद्योग चांगले जमतात. जमना त्यात म्हणत होती, "हा निळ्या चड्डीवाला बघा! मार लागायच्या आधीच पडतो मेला. कशाची घाई झालीय एवढी? गळ! गळ आहे नुसती!" झालं. लोकांना हसून हसून पुरेवाट झाली. अच्छाडच्या नाक्यावर रांगेत खोळंबलेले ट्रकवाले तर वेडेच झाले. बघता बघता दोनशे सामन्यांना जमनानं नंबर दिले आणि ऐकणारे हजारांत गेले.

नुसती चेष्टा नव्हती ती. बाई बघायची बारीक. "फेकताना त्यानं समोरच्याच्या मानेखाली हात दिला, दिसला का? जोरात आपटल्यासारखं दाखवायचं आणि केसालाही धक्का लागू द्यायचा नाही. याला म्हणतात कारागिरी. पहिला नंबर." कुणी म्हणालं की कुस्ती खोटी असते, आधीच ठरवलेली असते, तर जमना उसळायची. "बोहाड्याच्या जत्रेत मुखवटा घालून नाचतो तो काय खरा रावण असतो? तरी पोरं आईच्या पदरात शिरतात ना? मग! ठरवलेलंच आहे, पण ठरवलेलं करून दाखवायला छाती लागते!"

आणि या दोनशेंच्या वर, एकटा, एकच झाडपिका होता. ताड्या आणि हळद्याचा सामना.

ही नावं तिनं आणि तिच्या मोठ्या भावानं, लाहूनं ठेवलेली. ताडासारखा उंच तो ताड्या, आणि पिवळा मुखवटा घातलेला बुटका तो हळद्या. तलासरीच्या बाजारात तेव्हा एक जण ताडपत्री बांधून आत व्हिडिओ लावायचा. तिथं नऊ वर्षांच्या जमनानं हा सामना बघितला होता. तो ती असा सांगायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. हळद्याचा एक हात मोडलाय. ताड्या तुटून पडलाय. पंचाचा एक बूट निघून लोकांत उडालाय! आणि मग हळद्या एका हातानं, अहो एका हातानं, त्या ताडाला खांद्यावर उचलतो, अख्ख्या चौकटीला फेरी मारतो, आणि आपटत नाही, अलगद खाली ठेवतो. एक, दोन, तीन! उठल्यावर ताड्या स्वतः हळद्याचा हात धरून वर करतो. "तसा सामना परत झाला नाही, होणार नाही," जमना म्हणायची. "झाडपिका!"

हा एकच सामना तिनं नख न लावता निवडला होता. छत्तीस वर्षांत तो तिला पुन्हा बघायलाच मिळाला नव्हता.

ही मेख बरोबर हेरली यतीननं. यतीन म्हणजे डहाणू रोडला रेल्वेत कारकून, पक्का टापटिपीचा माणूस, आणि जुन्या कुस्त्यांचा तिच्याइतकाच वेडा. तोही नेटवर लिहायचा, पण याचा हिशेब ताऱ्यांचा. साडेतीन तारे, पावणेचार तारे. पावणेचार! जमना म्हणायची, "तारा काय नारळ आहे, पाव फोडायला?" दोघांची जुंपलेली असायची, पण गोडीगुलाबीनं.

मागच्या महिन्यात जमनाचं नेटवर थेट प्रक्षेपण चालू असताना यतीननं लिहिलं, "जमनाताई, उंबरगावच्या भंगारवाल्याकडं कॅसेटींचा गठ्ठा मिळाला. पिवळा मुखवटा आहे, ताडमाड गडी आहे, आणि पंचाचा बूटही उडालाय. शेवट अजून मी बघितला नाही, तुमच्यासोबतच बघेन. लावणार का नख?"

जमना जागेवरच उडाली. "मिळाला? माझा ताड्या-हळद्या मिळाला?" तिला हसू आवरेना, रडू आवरेना. आणि त्या भरात उचलली जीभ, लावली टाळ्याला. "या रविवारी घेऊन या, यतीनभाऊ! सगळ्यांसमोर बघू. आणि तो झाडपिका नाय निघाला ना, तर ही जमना त्या दिवसापासून नंबर द्यायचं सोडून देईल. शब्द आहे माझा!"

योगितानं कपाळावर हात मारला. पण शब्द गेला तो गेला. अच्छाडपासून वरोरपर्यंत पसरला.

रविवारी दुपारी वाडीतल्या चिकूच्या पडवीत जत्रा भरली. मालकानं दोन पंखे लावून दिले. निवडणाऱ्या बाया खोक्यांवर बसल्या. यतीन एक जुना टीव्ही आणि कॅसेट लावायचं यंत्र घेऊन आला, फडक्यानं पुसून पुसून त्यानं ते मांडलं. लाहू अच्छाडला ट्रकांचे टायर बदलतो, तोही काम टाकून आला होता. पन्नाशीचा गडी, पण हात असे की चाक एकट्यानं उचलतो. आज मात्र कोपऱ्यात गप्प होता. "दादा, पुढं ये ना! आपला सामना आहे!" जमनानं हाक मारली. "इथनं दिसतंय," एवढंच तो म्हणाला.

कॅसेट लागली. पडद्यावर मुंग्या आल्या, रेघा आल्या, आणि मग... हळद्या!

"अगं बाई, आला! आला!" जमना टाळ्या पिटायला लागली. तोच पिवळा मुखवटा. तोच ताड्या, दोरांवरून नुसता पाय टाकून आत येणारा. योगितानं सगळं थेट नेटवर दाखवायला मोबाइल धरला होता, त्यावर बघणाऱ्यांची नावं धडाधड पडत होती. सामना सुरू झाला आणि काय सांगू, जमनानं सांगितलं होतं तस्सा! ताड्यानं हळद्याचा हात पिरगळला, सगळ्या बाया "आई गं" म्हणाल्या. हळद्यानं उडी मारून त्याच्या छातीवर लाथ घातली. पंच मधे पडला, धडपडला, आणि त्याचा बूट भुर्रकन लोकांत गेला.

"बूट! बघितला का बूट?" जमना उभीच राहिली. "मी खोटं सांगत होते का?"

यतीनही हातातला तांब्या विसरून पुढं सरकला होता. "ताई, मानलं," तो म्हणाला.

आता शेवट. जमनानं पदर कमरेला खोचला. आता उचलणार. आता एका हातानं...

आणि कुठून तरी एक टोपीवाला माणूस खुर्ची घेऊन आत शिरला. त्यानं हळद्याच्या पाठीत खुर्ची घातली. घंटा वाजली. चार-पाच जण आत घुसले, धक्काबुक्की झाली, पंच एका बुटानं लंगडत हात हलवत राहिला. सामना बंद. ना हार, ना जीत. पडद्यावर पुन्हा मुंग्या.

जमना पडद्याकडं बघतच राहिली. "पुढं आहे," ती म्हणाली. "पुढं असणार. फिरवा ना जरा."

यतीननं कॅसेट पुढं पळवली, मागं आणली. पुढं काहीच नव्हतं. त्याचा चेहरा उतरला, खरंच उतरला. "जाऊ दे ना ताई," तो हळूच म्हणाला, "कॅसेट अर्धवट उतरवलेली असेल. आपण नंतर..."

इथं कुणीही पळवाट धरली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसली असती. पण जमनाच्या नखाला ती सवय नाही. ती मोबाइलपुढं येऊन उभी राहिली. आवाज नेहमीचाच लावला.

"घंटा वाजली म्हणजे सामना संपला. अर्धवट नाय, पुरा आहे. सुरुवात पहिल्या नंबराची होती. शेवट सडका. सडका शेवट असला की अख्खं फळ खाली येतं. तिसरा नंबर." मग ती थांबली. "आणि माझा शब्द होता. आजपासून मी नंबर..."

"थांब गं!"

कोपऱ्यातून लाहू उठला होता. एवढा दांडगा गडी, पण घामानं थबथबलेला.

"दिवे गेले होते, जमने," तो म्हणाला. "त्या दिवशी बूट उडाला आणि तलासरीचे दिवे गेले. व्हिडिओवाल्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. तुला ताप होता. तू रडायला लागलीस, शेवट बघायचाय म्हणून धुळीत लोळलीस. मग मी थाप मारली, मला शेवट ठाऊक आहे, मागच्या बाजाराला बघितलाय. घरापर्यंत सांगत आलो. सगळा मनचा! तू म्हणालीस, करून दाखव. तुझ्यानं चालवत नव्हतं. एका हातात मिठाची पिशवी होती, दुसऱ्या हातानं तुला खांद्यावर टाकली."

जमना मोबाइल सोडून भावाकडं वळली.

"पाड्यापर्यंत?" तिनं विचारलं.

"नायतर काय. अंगणात खाटेवर ठेवली तर डोळे उघडून म्हणालीस, हळद्या जिंकला. आणि माझा हात वर केलास." त्यानं मान खाली घातली. "पुढं तू सगळ्यांना सांगायला लागलीस. मला वाटलं, पोर खूश आहे, राहू दे. नेटवर सांगायला लागलीस तेव्हा माझी पाचावर धारण बसली. आज तुझा शब्द माझ्यापायी गेला."

मोबाइलवर बघणाऱ्यांच्या निरोपांचा नुसता पाऊस पडत होता. योगिता डोळे पुसत वाचायला लागली, "आई, सगळे एकच म्हणतायत. शेवट दाखवा. मामाला सांगा, शेवट दाखवा!"

"अरे देवा, आता?" लाहू मागं सरकला. "तेव्हा ही काडी होती!"

"आता काय आहे मी?" जमना कडाडली, आणि तिथंच सगळी पडवी फुटली. हसण्यानं खोकी हलायला लागली. बायांनी मधली जागा मोकळी केली. कुणीतरी हळदीच्या रंगाचा टॉवेल लाहूच्या तोंडाला बांधला. एका हातात मिठाऐवजी चिकूची पिशवी दिली. "हात मोडलाय त्याचा, तो हात वापरायचा नाय!" एक बाई ओरडली.

लाहूनं दम भरला, गुडघे वाकवले आणि एका हातानं, अहो खरंच एका हातानं, बहिणीला खांद्यावर घेतलं!

"उतरव रे! कंबर जाईल तुझी!" जमना ओरडतेय, हसतेय, रडतेय. लाहू डुलत डुलत निघाला. टीव्हीला वळसा घातला, खोक्यांना वळसा घातला, पाय लटपटले तशा बायांनी किंकाळ्या फोडल्या, सावरला, फेरी पुरी केली. मग रिकाम्या गोणपाटांच्या ढिगाशी आला. तिथं त्यानं पिशवी सोडली, तो मोकळा झालेला हात जमनाच्या मानेखाली दिला आणि तिला अलगद ठेवली. केसालाही धक्का लागला नाही.

"एक!" योगिता ओरडली. "दोन!" सगळी पडवी. "तीन!"

जमना उठली. भावाच्या तोंडावरचा टॉवेल खाली ओढला. त्याचा तो टायर उचलून उचलून घट्टे पडलेला हात धरला आणि वर केला, जितका वर जाईल तितका.

टाळ्या थांबेपर्यंत बराच वेळ गेला. मग सगळ्यांना प्रश्न पडला, आता नंबर कुणी द्यायचा? जमनानं तर सोडला होता. ती मोबाइलकडं बघून म्हणाली, "मला बोलायचा हक्क नाय. शब्द आहे."

तेव्हा यतीन उठला. पावणेचार ताऱ्यांचा यतीन. त्याचा चष्मा नाकावर घसरला होता आणि तो वर घ्यायचं त्याला भान नव्हतं. "शब्द होता, सामना झाडपिका निघाला नाही तर," तो म्हणाला. "अर्धा सामना त्या कॅसेटीत होता. उरलेला तलासरीच्या रस्त्यावर झाला, तो आम्हाला आज बघायला मिळाला. मी पुरा बघितला. झाडपिका."

जमनानं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"नख लावून सांगताय ना, यतीनभाऊ?"

"नख लावून, ताई."

"मग बसा खाली सगळे," जमना डोळे पुसत म्हणाली, "आणि त्या गठ्ठ्यातली दुसरी कॅसेट लावा."